वळणावरचा आरसा

डोंगर चढताना गाव येण्याच्या जरा अलीकडे रस्ता एकदम उलटा वळतो. मित्रांनो, त्या वळणावर लोखंडी खांबाला टांगलेला मी एक जुना, फुगीर आरसा आहे. पेंढ्यात गुंडाळून मला कारखान्यातून आणले, तेव्हा माझी कड लालभडक होती. आता तिचा रंग उडाला आहे.

खालून येणाऱ्याला वरचे आणि वरून येणाऱ्याला खालचे दाखवायचे, एवढेच माझे काम. टॅक्सीवाला माझ्याकडे पाहिल्याशिवाय वळत नसे. शिंपीकाका सायकलवरून उतार उतरताना ब्रेक दाबत, घंटी वाजवत आणि विचारत, "काय रे बाबा, रस्ता मोकळा ना?" मला तेव्हा फार बरे वाटायचे.

मग एक ट्रक खांबाला घासून गेला आणि माझे तोंड दरीकडे फिरले. त्यानंतर माझ्यात फक्त आभाळ नाहीतर धुके. "आरसा वाकडा झालाय, कुणाला तरी सांगायला हवं," असे म्हणत लोक पुढे जात. हळूहळू मीही काही वाटून घेणे सोडले.

एका धुकट सकाळी टॅक्सी चढत होती. टॅक्सीवाल्याने सवयीने माझ्याकडे पाहिले. माझ्यात काहीच नव्हते, म्हणून त्याने हॉर्न दिला नाही. वरून घंटी वाजत होती, पण टॅक्सीच्या काचा बंद होत्या. पुढचे मी पाहिले नाही, कारण माझे तोंड दरीकडे होते. ऐकले मात्र सगळे.

शिंपीकाका वाचले नाहीत.

काही दिवसांनी शिंपीकाकांच्या पत्नी, काकू, शिवणाच्या दुकानातले स्टूल आणि पाना घेऊन आल्या. त्या स्टुलावर चढल्या. तेवढ्यात टॅक्सीवाला चढणीने पायी येताना त्यांना दिसला. गाडी चालवणे त्याने सोडले होते.

"काकू, उतरा. मी करतो."

"तू स्टूल धर."

त्याने धरले. गंजलेला नट हलेना.

"काकू, मला आरशात काहीच दिसलं नाही हो."

त्या बराच वेळ पाना रेटत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाकडा झालेला मलाही रोज दिसायचा. दुकानात जायची वाट हीच की माझी."

नट सुटला. मला रस्त्याकडे वळवून त्यांनी नट घट्ट आवळला आणि शिवणाच्या चिंधीने माझी काच पुसली. माझ्यात पुन्हा रस्ता आला, त्यावर ती दोघे, अगदी लहान. आनंद झाला का, असे विचाराल तर सांगता येणार नाही. नुसते दिसले.

टॅक्सीवाल्याने स्टूल न्यायला मागितले. काकूंनी दिले नाही. जाताना एवढेच म्हणाल्या, "कडेने चाल रे. गाडी येतेय."

मित्रांनो, वळणावर हॉर्न द्या, सायकल हळू घ्या, पायी असाल तर कडेने चाला. माझ्यासारखा कुणी वाकडा झालेला दिसला, तर कुणाला तरी सांगायला हवं, असे म्हणून पुढे जाऊ नका. आणि आरशात काहीच दिसत नसेल, तर रस्ता मोकळा आहे असे समजू नका. आधी थांबा.