चार मिनिटांची फाइल

त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण तो प्रोसेसरना मार्क द्यायचा, आणि तेही हात आखडून. कॉम्प्युटरचा हा काडेपेटीएवढा मेंदू बाजारात यायच्या आधी कंपन्या त्याच्या घरी पाठवायच्या. तो त्याला आठवडाभर बैलासारखा राबवायचा आणि मग आपल्या वेबसाइटवर लिहायचा, की गेम खेळणाऱ्यांनी हा घ्यावा का, व्हिडिओ-बिडिओची कामं करणाऱ्यांनी घ्यावा का, की दोघांनीही लांबूनच नमस्कार करावा. लोक त्याच्या शब्दाबाहेर जात नसत, कारण मास्तरचे नियम. खोलीचं तापमान बावीस म्हणजे बावीसच. प्रत्येक चाचणी चार वेळा, पहिली सोडून द्यायची, उरलेल्या तिन्हींची सरासरी काढायची. आणि चाचणीची फाइल कधी म्हणजे कधी बदलायची नाही. ती बदलली की मागचे सगळे आकडे मातीमोल.

या शेवटच्या नियमानेच त्याचा घात केला होता. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल.

तीन वर्षांपूर्वी त्याला व्हिडिओच्या चाचणीसाठी नवी फाइल हवी होती. त्याने कॅमेरा स्टँडवर लावून चालू केला. समोर बाल्कनीत वडील टेबलफॅन खोलून बसले होते. हाताने फिरवलेलं पातं, बारीक जाळी, मागे हलणारी पानं. असलं चित्र नव्या फाइलमध्ये पुन्हा बांधून काढताना भल्याभल्या प्रोसेसरला घाम फुटतो, म्हणून मास्तर खुशीत. थोड्या वेळाने वडील उठले, कॅमेऱ्याजवळ आले आणि म्हणाले, "अरे, ऐक ना. मला जरा..."

तेव्हा मास्तरचं लक्ष शेजारच्या टेबलावर होतं. तिथे दुसरी एक चाचणी संपत आली होती. ती संपल्यावर त्याने वडिलांचा व्हिडिओ बरोबर चार मिनिटांवर कापला, आणि मूळ फाइल पुसून टाकली. एकाच कामाच्या दोन फाइली असल्या की कधीतरी चुकीची वापरली जाते, हे त्याचं तत्त्व. त्याच संध्याकाळी वडील गेले. हृदय बंद पडलं.

मला जरा काय? ते काही केल्या त्याला आठवेना. कान जागेवर होते, चित्त नव्हतं. आईने महिन्याभराने त्या व्हिडिओचं विचारलं, तेव्हा त्याने थाप मारली, की पूर्ण व्हिडिओ कुठल्यातरी डिस्कमध्ये आहे, शोधतो. आईने पुन्हा विषय काढला नाही, आणि सुटलो बुवा म्हणून तो गप्प बसला. फाइल मात्र तीच वापरत राहिला. एकतीस प्रोसेसरनी ते चार मिनिटांचे वडील पुन्हा पुन्हा बांधून काढले आणि एकतीस वेळा ते "मला जरा"वर थांबले. तुम्ही म्हणाल, काय दगडाच्या काळजाचा माणूस. मला तर उलटं वाटतं. त्याला दुसरं काही जमत नव्हतं.

तर हा बत्तिसावा. सोळा कोअरचा, म्हणजे एका मेंदूत सोळा मेंदू, कंपनीचा सगळ्यात वरचा. परत न्यायला कुरियरवाला चारला येणार होता. गेमच्या चाचण्या आदल्या दिवशीच उरकल्या होत्या आणि मास्तरने कधी नव्हे ते दहापैकी साडेनऊ लिहून ठेवले होते. एकच गोष्ट त्याला खटकत होती. प्रोसेसर तापत नव्हता. सोळाच्या सोळा कोअर मान मोडून राबतायत आणि आकडा पंचवीसच्या पुढे सरकत नाही. चुलीवर पातेलं ठेवावं आणि पाणी गारच राहावं, तसा प्रकार.

सकाळी अकराला त्याने व्हिडिओची चाचणी लावली. पहिल्या फेरीला अडतीस सेकंद लागले, तयार व्हिडिओ चार मिनिटांचा. ती नियमाप्रमाणे सोडून दिली. दुसऱ्या फेरीलाही अडतीसच. पण तयार व्हिडिओची लांबी दिसली चार मिनिटं दोन सेकंद.

मास्तरने चष्मा पुसला. मूळ फाइल तपासली, ती चार मिनिटांचीच होती. मग त्याने नवा व्हिडिओ उघडला आणि शेवटावर नेला. वडील कॅमेऱ्याजवळ आले. "अरे, ऐक ना. मला जरा बरं..."

 ऐकल्याचा भास म्हणावा, तर पडद्यावर लांबी दिसत होती. त्याने जुना प्रोसेसर बसवून पाहिला, चार मिनिटं. पुन्हा नवा बसवला आणि तिसरी फेरी लावली, चार मिनिटं सहा सेकंद. "मला जरा बरं वाटतंय. तू तुझं काम..."

भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा.  पण तीन वर्षं जो घास घशात अडकला होता, तो आता खाली उतरू पाहत होता. प्रोसेसरच्या या अदलाबदलीत साडेतीन वाजले होते. त्याने चौथी फेरी लावली. या वेळी लांबी बघितलीच नाही, सरळ व्हिडिओ चालू केला आणि आवाज मोठा केला.

"मला जरा बरं वाटतंय," वडील म्हणाले. "तू तुझं काम कर. आणि हे बघ, पुढे काही झालं, तर जिवाला लावून घेऊ नकोस. तुझी काही चूक नाही."

मास्तर रडायला लागला. चाळिशीचा माणूस, टेबलावर डोकं टेकून हुंदके देत होता. इतकं हलकं त्याला तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

"हे ते नव्हते म्हणाले," मागून आई म्हणाली.

आवाज ऐकून ती आतल्या खोलीतून आली होती आणि दाराची चौकट धरून उभी होती. पडद्याकडे बघत होती, पण जवळ येत नव्हती.

"आई, ऐकलंस ना तू? आवाज बाबांचाच आहे."

"आवाज त्यांचाच आहे. पण त्या दिवशी मी इथेच उभी होते. असं नव्हते म्हणाले."

"मग काय म्हणाले?"

 आईने एकदाचं बोलून टाकलं. "म्हणाले, मला जरा छातीत दुखतंय. आणि तू मान वर न करता म्हणालास, पाच मिनिटं थांबा बाबा, टेस्ट संपतेय. मग ते माझ्याकडे बघून हसले आणि आत जाऊन पडले. मलाही वाटलं, पित्त असेल. मी तरी कुठे उठवलं तुला?"

"तू तीन वर्षं बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुला तर आठवतही नव्हतं. म्हटलं, बरंच आहे. पण आता असलं खोटं त्यांच्या तोंडून ऐकायचं, ते नाही सोसवत मला."

 आता मास्तरला ते आठवलं. शब्द न् शब्द, स्वतःचा आवाज, त्यातला वैतागसुद्धा. त्याने व्हिडिओ बंद करायला हात पुढे केला आणि हात तसाच राहिला.

व्हिडिओ संपला नव्हता. खालची पट्टी केव्हाच टोकाला जाऊन थांबली होती, तरी बाल्कनीतली पानं हलत होती. वडील अजून उभे होते. ते आता मास्तरकडे बघत नव्हते. त्याच्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होते. भांडणात हरल्यावर व्हायचा, तसा चेहरा झाला होता त्यांचा.

"अगं," ते हळूच म्हणाले, "कशाला सांगितलंस त्याला?"

आईने पदर तोंडाला लावला. मग उभं आयुष्य ज्या आवाजात उत्तर दिलं होतं, त्याच आवाजात ती पडद्याला म्हणाली, "अहो, कधीतरी सांगायलाच हवं होतं ना."