पहिला घाणा

देल्फिनाची भट्टी वर्षभर तिची असायची आणि नोव्हेंबर तोंडावर आला की गल्लीची व्हायची. विटा तिच्या सासऱ्याने रचलेल्या, निलगिरीची लाकडं ती आणायची, रोजचा पाव भाजून विकायची तीच. पण मृतांच्या दिवसाआधी गल्लीतल्या बायका घरी पीठ मळत, काठवटीत फुगवत आणि घोंगडीत गुंडाळून तिच्या अंगणात आणत. ओट्यावर बसून त्याची बाळं वळत: दुपट्यात गुंडाळलेली, रंगीत कणकेच्या डोळ्यांची पावाची बाळं. दोन तारखेला ती थडग्यावर ठेवायची, जांभळ्या मक्याच्या पेजेबरोबर खायची, शेजारच्या थडग्यावाल्यांनाही द्यायची. भट्टीचं भाडं म्हणून जी ती आपल्या घाण्यातले चार पाव देल्फिनाच्या टोपलीत टाकून जाई. ते कधी कोणी मोजले नाहीत.

कोणाचा घाणा कधी, हेही कोणी विचारत नसे. सगळ्यांना माहीत असे. त्यातही एक गोष्ट सगळ्यांच्या वरची. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, पहाटेचा पहिला घाणा त्या घराचा. आणि त्या घरी जाऊन ‘तुम्ही येणार ना?’ असं विचारायचं नाही. ते विचारणं म्हणजे ‘तुम्ही तुमच्या माणसाला विसरला तर नाहीत ना’ असं तोंडावर म्हणणं.

यंदा ते घर मातिल्देचं होतं. तिचा मुलगा एदवीन लेंटच्या उपासाच्या दिवसांत ट्रकसकट घाटात गेला. त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं होतं ते देल्फिनाने. ती त्याची धर्ममाता. म्हणून मातिल्दे आणि देल्फिना एकमेकींना कोमाद्रे म्हणत. आपल्याकडे हे नातं पाठच्या बहिणीहून जड. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडण देवासमोर झाल्यासारखं असतं. अंत्यविधीच्या दिवशी मातिल्दे उभी राहू शकत नव्हती, तेव्हा देल्फिनाने तिला धरून ठेवलं होतं.

देल्फिनाची मुलगी जोमायरा आंबातो शहरात फोनच्या दुकानात कामाला होती. दुकानात येणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांना, कोणाला बुटांची, कोणाला चिझची, पैसे भरून फोनवर जाहिरात कशी करायची ते ती शिकवायची. आईच्या भट्टीचं छप्पर गळत होतं आणि रोजच्या पावाला गिऱ्हाईक कमी झालं होतं, कोपऱ्यावरच्या दुकानात पिशवीतला पाव मिळायला लागल्यापासून. लोकांचं करते तर आईचं का नको, असं जोमायराला वाटलं, आणि त्यात तिचं काही चुकलं असं कोणी म्हणणार नाही. मागच्या वर्षी तिने भट्टीपाशी सहज एक व्हिडिओ काढला होता. भट्टीचं तोंड, वाफ, बायकांच्या पाठी, बाळाच्या तोंडावर डोळे चिकटवणारे दोन हात आणि मागे कोणाचं तरी मोकळं हसणं. त्यावर तिने लिहिलं, ‘सगळ्या गल्लीची एकच भट्टी. आजी भाजायची तशीच बाळं.’ मग पैसे भरले.

हे कोणाला दिसणार, म्हणून देल्फिनाने विचारलं. जोमायराने सांगितलं, ज्यांचं गाव सुटलंय, जे राजधानीत, कीतोला, फ्लॅटमध्ये राहतात आणि ज्यांना आजीची आठवण येते त्यांना. फोनला कसं कळतं कोणाला आजी आठवते ते? त्याला कळतं, आई. देल्फिनाने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि विषय सोडला.

ऑर्डरी येऊ लागल्या तेव्हा तिने मारीयामातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. रोज संध्याकाळी जपमाळ झाली की ती जोमायराला विचारायची, आज काय म्हणतो तुझा फोन? व्हिडिओही बघायची. पुन्हा पुन्हा बघायची. आपलं जुनं अंगण फोनमध्ये कसं देवळासारखं दिसतं, याचं तिला नवल वाटायचं. कीतोच्या एका मोठ्या कचेरीने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी बाळं मागवली. त्यांची गाडी एक तारखेला सकाळीच येणार होती.

जोमायराने विचारलं की पहाटे कोणाचं बुकिंग आहे का. देल्फिना म्हणाली, मातिल्देचा घाणा असतो. तिने तसं सांगितलंय का? नाही, ती कशी सांगेल. मग बुकिंग नाही, आई.

देल्फिना त्या दिवशी दोनदा दारापर्यंत गेली. मातिल्देचं घर तिसरं. पण जाऊन विचारणार काय? जे विचारायचं नाही तेच. ती परत आत आली आणि मनाशी म्हणाली, पोरगा गेल्याचं पहिलंच वर्ष, तिच्या हातात मळायचं बळ तरी असेल का. आली तरी दुपारी येईल. मनाला एखादी गोष्ट हवी असली की मन तिचा वकील होतं. एक तारखेच्या पहाटे तिने निखारे ओढून काढले, ओल्या फांद्यांच्या फड्याने भट्टीची जमीन झाडली आणि कचेरीची बाळं लांब फळीवरून आत सरकवली.

उजाडायच्या सुमाराला मातिल्दे आली. काळी शाल, एका बाजूने तिने आणि दुसऱ्या बाजूने तिच्या जावेने काठवट धरलेली. घोंगडी मधोमध वर आली होती, इतकं पीठ फुगलं होतं. तिने भट्टीच्या तोंडाकडे पाहिलं.

“कोमाद्रे, आत कोणाचं आहे?”

देल्फिनाने सांगितलं की शहरातली ऑर्डर आहे, गाडी येणार आहे, हा एवढा घाणा निघाला की लगेच तुझा, उरलेली ऑर्डर त्यानंतर.  मातिल्देने आणि जावेने काठवट ओट्यावर ठेवली आणि दोघी तिच्या दोन बाजूंना बसल्या, आजारी मुलाजवळ बसावं तशा.

बाकीच्या बायकाही जमू लागल्या. कोणी काय झालं म्हणून विचारलं, कोणी न विचारताच समजली. म्हातारी त्रान्सितो गल्लीत सगळ्यांना तोडून बोलायची. तिने काठी टेकत अंगण बघितलं, टेबलावर रांगेने मांडलेले पुठ्ठ्याचे खोके बघितले.

“मग आता मेलेल्यांनीही फोन घ्यायचा म्हणा की, नंबर लावायला.”

एकदोघी हसल्या. मातिल्दे हसली नाही.

पहिला घाणा निघाला. देल्फिनाने फळी टेकवली आणि मातिल्देकडे वळलीच होती, तेवढ्यात जोमायरा धावत आली. गाडी आली होती. ऑर्डर एका घाण्यात मावणारी नव्हती, दुसरा अजून कच्चाच होता, आणि अजून उशीर झाला तर माणूस परत जायचं म्हणत होता. आई, हे लोक वाईट शेरा लिहितील, एक शेरा पडला की फोनवरचं पेज बसलं, भरलेले सगळे पैसे पाण्यात. ती हे कुजबुजत बोलली, पण अंगणात इतकी शांतता होती की सगळ्यांनी ऐकलं.

फळी देल्फिनाच्या हातात होती. एका बाजूला कचेरीची बाळं ताटांवर, दुसऱ्या बाजूला काठवट. तिने मातिल्देकडे बघून विचारलं, “अजून थोडा वेळ निभेल ना गं?”

फुगलेलं पीठ निभतं का, हे देल्फिनाइतकं त्या अंगणात कोणालाही माहीत नव्हतं. मातिल्दे म्हणाली, “तूच बघ.” देल्फिनाने बघितलं नाही. तिने कचेरीची बाळं आत सरकवली.

ती निघेपर्यंत व्हायचं ते झालं. मातिल्देने घोंगडी उचलली तेव्हा पीठ मधोमध बसलं होतं, कडेने चिकटून लोंबत होतं आणि अंगणभर आंबूस वास पसरला. तिने बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला. त्या पिठाचं बाळ वळता आलं नसतं, वळलं असतं तरी भट्टीत चपटं झालं असतं.

जोमायराला वाईट वाटलं, खरंच वाटलं. कचेरीची चार बाळं उरत होती. ती म्हणाली, मावशी, ही घ्या, अगदी तशीच आहेत, लोकांना किती आवडली बघा. आणि तिने फोन मातिल्देपुढे धरला. व्हिडिओ चालू झाला. वाफ, पाठी, हात, हसणं.

मातिल्दे बराच वेळ बघत राहिली. “हे हात माझे आहेत,” ती म्हणाली.  व्हिडिओ संपून पुन्हा सुरू झाला, पुन्हा ते हसणं आलं. मग ती देल्फिनाकडे वळून म्हणाली, “आणि हसतोय तो एदवीन. माझ्यासमोर बसून कच्च्या कणकेचे डोळे चोरून खात होता. तू ओळखला नाहीस, कोमाद्रे?”

देल्फिनाने ओळखलं नव्हतं. तो व्हिडिओ तिने महिनाभर रोज बघितला होता. ज्याला पाण्यावर धरलं, त्याचं हसणं तिने शहरातल्या लोकांना पाव विकायला रोज लावलं होतं, आणि तिला ऐकूसुद्धा आलं नव्हतं.

दोघी जावांनी काठवट उचलली. त्यांच्यामागे त्रान्सितो निघाली, आणि मग एकेक करून बाकीच्याही आपापल्या काठवटी उचलून निघाल्या. भट्टी तापलेलीच होती. देल्फिनाने कोणाला थांब म्हटलं नाही.

दोन तारखेला ती उरलेली बाळं कापडात बांधून दफनभूमीत गेली. मातिल्देने एदवीनच्या थडग्यावर पेजेचं भांडं आणि दुकानातला पिशवीचा पाव ठेवला होता. देल्फिनाने कापड सोडून बाळं पुढे केली. मातिल्देने ती नाकारली नाही. दोन्ही हातांनी घेतली, मग बटव्यातून पैसे काढले आणि देल्फिनाच्या तळहातावर ठेवले. “किती झाले ते सांगा, बाई,” ती म्हणाली. अहो-जाहो करून, कीतोहून आलेल्या गिऱ्हाइकासारखी.  देल्फिनाने पैसे घेतले. घ्यायला नको होते, हे तिला फाटकापाशी आल्यावर कळलं. तेव्हा मातिल्दे ती बाळं कोणा परक्या थडग्यावर प्रार्थना म्हणणाऱ्या आंधळ्याला देत होती.

पुढच्या वर्षभरात त्रान्सितोच्या परसात गल्लीने भट्टी बांधली. ओबडधोबड, पण गल्लीची. देल्फिनाच्या अंगणात जाहिरात बघून लोक येत राहिले. पैसे भरले की यायचे, थांबवले की थांबायचे. छप्पर नवं झालं.

पुन्हा ऑक्टोबर आला. एका दुपारी देल्फिना जोमायराला म्हणाली की एक जाहिरात कर. कीतोला नको, इथेच दाखव, आपल्या गल्लीत. जोमायराने फोनमधल्या नकाशावर, जाहिरात कुठपर्यंत दिसावी त्याचं वर्तुळ केलं. सगळ्यात लहान वर्तुळातही गल्ली, चौक, चर्च आणि दफनभूमी सगळंच बसत होतं. देल्फिनाने शब्द सांगितले: देल्फिनाची भट्टी पहाटेपासून पेटलेली असेल, पहिला घाणा मोकळा ठेवलाय. व्हिडिओ नको म्हणाली, चित्र नको.

“आई, मावशी तीन घरांवर तर आहे. ह्याला पैसे कशाला? जाऊन सांग ना.”

“तिथे जायला मला तोंड नाही,” देल्फिना म्हणाली. “फोनला तोंड लागत नाही.”

पैसे भरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जपमाळ झाल्यावर तिने विचारलं, काय म्हणतो तुझा फोन? जोमायराने नावं वाचून दाखवली. गल्लीतल्यांनी बघितलं होतं. त्रान्सितोच्या नातवाने खाली हसणारा चेहरा टाकला होता. मातिल्देने काही टाकलं नव्हतं, नुसता अंगठा उमटवला होता, लोक कशावरही उमटवतात तसा.

एक तारखेला देल्फिना पहाटे उठली, लाकडं पेटवली, निखारे काढून जमीन झाडली आणि फळी भिंतीला टेकवून ओट्यावर बसली. पूर्वी कोणी आलं नाही तर म्हणता यायचं, कळलं नसेल. आता तेही म्हणता येत नव्हतं. उन्हं अंगणात आली. त्रान्सितोच्या परसातून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. भट्टी निवू लागली, तशी ती उठली आणि तिने शहरातल्या ऑर्डरीचं पहिलं ताट आत सरकवलं.