जुन्याची खुर्ची

इस्पितळाचं कॉम्प्युटर खातं आपल्यामुळेच चालतं, असं थोरल्यांचं ठाम मत होतं. त्याला धक्का दिला तो त्यांच्या साडूने, तोही नकळत. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा आपल्याच खात्यात येतो, हे एक वेळ सोसवलं असतं. पण तो हुशारही निघावा?

त्याने तळघरातल्या जुन्या सर्व्हरशेजारी नवा बसवला. जुना पडला की नवा आपोआप काम उचलणार, कुठल्याही खिडकीवर कोणाला पत्ता लागणार नाही. अधीक्षक बाई खूश झाल्या. "म्हणजे आता कोणासाठी अडून बसायला नको!"

तेव्हापासून थोरल्यांच्या पोटात जे दुखू लागलं, ते थांबेना. जुना त्यांच्या हातचा. तो पडला की मजल्यामजल्यावरून त्यांचा धावा व्हायचा. अर्धा चहा टाकून ते निघायचे आणि लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. आयुष्यातली एवढीच मिरवणूक, तीही या पोराने बंद केली.

"दादा, एकच ठरवायचंय," धाकटा म्हणाला. "जुना पुन्हा उठला की लगेच काम परत घेऊ दे, की नव्याकडेच राहू दे? माझं म्हणणं, राहू दे. जुना नीट सावरला की आपण हाताने बदलू."

"म्हणजे आजारातून उठावं, तर आपल्या खुर्चीत दुसराच?"

"अहो, मशीन आहे ते."

"असू दे. उठला की परत घ्यायचं! टाक तसं."

धाकट्याने वडीलकीचा मान राखून तसं टाकलं.

पुढे थोरले तापाने पडले. उशाशी फोन, पण तो वाजेल तर शपथ.

"सगळं सुरळीत चाललंय म्हणे," बायको काढा देत म्हणाली. "धाकटी सांगत होती."

"तिला विचारलं कोणी?" थोरल्यांनी तशाच तापात सदरा चढवला.

इस्पितळात पोचतात तो काय, खिडक्यांवर गोंधळ! पडदे विझत होते, पेटत होते. थोरल्यांना बघताच लोकांनी वाट दिली. ताप निम्मा उतरला.

"काय झालं?" तळघरात शिरत त्यांनी दरडावलं.

"जुन्याचा पंखा गेलाय," खुर्चीत बसलेला धाकटा म्हणाला. "तापतो, पडतो. जरा निवला की उठतो आणि नव्याच्या हातातलं काम हिसकावतो. की पुन्हा आडवा. नवा ठणठणीत आहे, पण याला बघवत नाही."

"असं कोणत्या गाढवाने..." थोरले मध्येच थांबले. मग म्हणाले, "ऊठ, मी बघतो."

ते खुर्चीत बसले, आणि बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन कलंडले. धाकट्याने एका हाताने त्यांना सावरलं, दुसऱ्याने जुन्याने काम परत घ्यायची ती सोय बंद केली. वरचा गोंगाट शांत झाला. कोणाला काही कळलंही नाही.

संध्याकाळी घरी फोन वाजला. थोरले ताडकन उठून बसले, पण तो बायकोने घेतला.

"धाकटीचा नवरा विचारतोय, बरं आहे का?"

"त्याला म्हणावं, जुना कसा आहे ते सांग आधी."

बायकोने विचारलं, ऐकलं, आणि फोन ठेवला.

"म्हणाला, दोघांनीही पडून राहावं."