मेंढ्यांच्या गाडीतून तपासणीला

मी एक जुनी मोटारसायकल आहे. नाव किंगफिशर. टाकी निळी, आवाज घोगरा आणि स्वभाव जरा फटकळ. मित्रांनो, तुमची जशी वार्षिक परीक्षा असते, तशी माझीही असते. आमच्या वेल्सच्या डोंगरात रस्त्यावर धावायचं, तर दरवर्षी तपासणीत पास व्हावंच लागतं. ब्रेक, दिवे, टायर, सांधे, सगळं बघतात. नापास झालात की घरी बसा.

या परीक्षेत आमच्या घराण्याचं नाव काही चांगलं नाही. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या बहिणींपैकी दहांतल्या चार दरवर्षी नापास होतात. कारण एकच. मागच्या शॉकअपच्या बुडाशी एक सांधा आहे, तो बाहेरून दिसत नाही. त्याला ग्रीस द्यायचं तर मागचं चाक काढावं लागतं, म्हणून कुणी देत नाही. मग सांधा गंजून खिळखिळा होतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तशी त्या बहिणींबरोबर मीही बदनाम झाले.

पण मला ग्विलिम भेटले, हे माझं भाग्य. ते मेंढ्यांची लोकर कातरायचे. उन्हाळाभर कातरण्याची यंत्रं माझ्या पाठीवर बांधून आम्ही शेतामागून शेत पालथं घालायचो. माझं कौतुक व्हायचं, पोरं टाकीवर हात फिरवायची. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मी चार वर्षं गोठ्यात ताडपत्रीखाली उभी राहिले. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालायच्या. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

यंदा मार्चमध्ये त्यांची नात डेलिथ हिला नोकरी लागली. डोंगरावरच्या एकट्या म्हाताऱ्यांना रोज आंघोळ घालायची, औषधं द्यायची. बस कधीच बंद झाली होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं, आणि वाहन म्हणाल तर फक्त मी. पण तिची आई, नेस्टा, ऐकेना.

"मी कॉम्प्युटरवर पाहिलंय. या गाड्या दहांतल्या चार नापास. माझ्या पोरीचा जीव असल्या खटाऱ्यावर टांगायचा?"

"आई, शुक्रवारी तपासणी आहे. पास झाली तर?"

"झाली तर ने. नाही झाली तर भंगारात. मग रडायचं नाही."

माझा जीव टांगणीला लागला. डेलिथने बिचारीने दोन दिवस मला घासलं. आमच्याकडे तपासणीला गाडी लख्ख करून न्यायची पद्धतच आहे. शुक्रवारी पाऊस होता. चिखल उडू नये म्हणून तिने मला शेजाऱ्याच्या मेंढ्या वाहायच्या गाडीत चढवलं. मागच्या मोटारीतून आजोबा आणि नेस्टा आले.

तपासनीस एम्लिन दारातच हसला. "काय गं, तपासायला आणलीस की कातरायला?"

त्याने मला उचलून मागचं चाक गदागदा हलवलं. सांधा ढिम्म हलला नाही. त्याने पुन्हा हलवलं. नेस्टा वाकून बघत होती. मी मनातल्या मनात फुगले.

मग पुढचं चाक फिरत्या रुळांवर ठेवून त्याने ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. एम्लिनने ब्रेकच्या चकतीवर बोट फिरवून नाकाशी नेलं.

"पॉलिश कुठे कुठे लावलंस?"

"सगळीकडे," डेलिथ म्हणाली. "चकतीला तर दोनदा."

अति तिथे माती! पॉलिशने निसरड्या झालेल्या चकतीला ब्रेक धरणार कसा? घरून चालवत आणली असती, तर पहिल्याच वळणावर कळलं असतं.

"एम्लिन, पोर नवी आहे रे," ग्विलिम काठी सावरत म्हणाले.

"रविवारी चर्चमध्ये तुझ्याशेजारी बसून गातो, ते वेगळं. ब्रेक म्हणजे ब्रेक." आणि त्याने कागदावर 'नापास' लिहिलं.

डेलिथचा चेहरा पडला. आजवर मी कधी नापास झाले नव्हते. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेस्टाने किल्ली काढून घेतली. पण ती निघाली नाही.

"आणि तो सांधा?" तिने विचारलं.

"तो? या मॉडेलचा इतका घट्ट सांधा मी दुसरा पाहिला नाही."

नेस्टा वडिलांकडे वळली. "बाबा, दरवर्षी चाक काढायचात?"

"नाताळ झाला की काढायचो. गोठ्यात उभी होती तेव्हाही, स्टुलावर बसून. तेवढं जमायचं."

नेस्टाने कोट काढून खुंटीला लावला. "एम्लिन, नवे पॅड असतील तर दे. थोडं स्पिरिटही दे. डेलिथ, इकडे ये. बाबांनी मला शिकवलं होतं, तसं एकदाच दाखवीन."

मायलेकी माझ्यासमोर गुडघे टेकून बसल्या. चकती पुसून निघाली, पॅड बदलले. पाचच्या आत एम्लिनने मला पुन्हा रुळांवर घेतलं. ब्रेक दाबताच चाक जागच्या जागी थांबलं. पास! डेलिथने आईला मळक्या हातांनीच मिठी मारली.

"आता ऐका," कागद देत एम्लिन म्हणाला. "पुढच्या मार्चपर्यंत हिला चाळीस पूर्ण होतात. चाळिशी ओलांडलेल्या गाडीला तपासणी माफ. सुटली ही!"

"कोण म्हणतं सुटली?" नेस्टा म्हणाली. "पुढच्या मार्चची तारीख लिहून ठेव."

"कायदा मागत नाही गं."

"मी मागते ना!" आणि तिने किल्ली डेलिथच्या हातात ठेवली.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी घाट चढलो. वरच्या घरातले म्हातारबुवा दार उघडून वाटच बघत होते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या सायकलीला, पंख्याला, शिलाई मशीनला जरूर चमकवा. पण आधी जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे तेलाचा थेंब घाला. आणि सगळ्यांनी माफ केलं तरी त्यांना तपासायला न्या. मला नेणार आहेत. परीक्षेची तारीख ठरली म्हणून खूश होणारी मी जगात एकटीच असेन.