टीव्ही नव्हता तो

अठ्ठ्याण्णव साली भडगावात मी नानांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, जुन्या सुट्या भागांतून कॉम्प्युटर जोडला. लकव्यानंतर त्यांच्या हातात पेन टिकत नव्हतं आणि पहूरला नांदणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीला, कुंदाक्काला, पत्र लिहायचं, एवढंच त्यांचं काम होतं. एका बोटाने बटणं दाबत ते तिला धीर द्यायचे; मी पत्र बाजारात छापून आणून टपालात टाकायचो.

एका दुपारी अक्काच आली, ओठ फाटलेला. तासाभराने मागच्या एसटीने तिचा नवरा भटू आला. टेबलावरचा मॉनिटर बघून त्याचं डोकंच फिरलं.

"लगीनमा आमले टीव्ही नही दिना, आन् घरमा हाऊ काय शे?"

"जवाईबापू, हाऊ टीव्ही नही," आई म्हणाली.

त्याने आईला भिंतीवर ढकललं. वायरी तोडून मॉनिटर उचलला. मी आडवा गेलो, तर तोच माझ्या कपाळावर हाणला. रक्ताने माझे डोळे भरले.

"चाल वं, घर जाईसन लावूत," तो अक्काला म्हणाला.

हा नुसता पडदा पहूरला पेटणार नाही आणि त्याचा मार आपल्यालाच बसणार, हे अक्काला कळलं. तिने टेबलावरचा कॉम्प्युटरचा लोखंडी डबा दोन्ही हातांनी उचलला आणि भटूच्या गुडघ्यावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज आला. मॉनिटर खाली पडून फुटला. भटू काचांमध्ये लोळत बोंबलायला लागला.

मी खाटेवर बसलेल्या नानांकडे पाहिलं. त्यांचा कॉम्प्युटर संपला होता.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "पत्र कोनले लिखू आते? पोर घरमाच शे."