फाशीघरातली तुळई

जुना तुरुंग पाडला तेव्हा फाशीघरातली आडवी तुळई फादरांनी मागून घेतली आणि सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या दारात आणून टाकली. चर्चच्या वेदीमागे त्यांना त्याच लाकडाचा क्रूस हवा होता.

"दुसरं लाकूड मिळत नाही का?" मिस्त्रींनी विचारलं.

"मिळतं की. पण पहिला क्रूस तरी कुठे शोभेची वस्तू होता? माणसं मारायचं साधन ते. आपण सोन्यात घडवून गळ्यात घातलं आणि विसरलो."

मिस्त्रींची थोरली बहीण नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायची. तिला हे मुळीच पटलं नाही. "उद्या विषाची बाटली आणून देतील आणि फुलदाणी कर म्हणतील," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती चहा वर्कशॉपच्या उंबऱ्यावरच ठेवून जाऊ लागली.

तुळईच्या मधोमध दोराने घासून पडलेली खाच होती, बोटभर खोल. मिस्त्रींनी रंधा मारून ती सपाट केली. जेवून परत आले, तर खाच होतीच. आपलीच नजर चुकली असं समजून पुन्हा तासली. तासाभराने हात फिरवला तेव्हा बोट आत गेलं. तिसऱ्या दिवसापर्यंत तुळई चांगली दोन बोटं पातळ झाली, खाच मात्र तेवढीच. भर दुपारी, वाऱ्याचा पत्ता नसताना, लाकूड करकरायचं, ओझं लटकल्यासारखं.

"आत कोणी आलंय का रे?" बहिणीने बाहेरून विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले, पण मागे वळून बघायचा त्यांना धीर होईना.

चौथ्या दिवशी सकाळी एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली.

"तुरुंगातली तुळई इथे आहे म्हणे."

"आहे. तुम्ही कोण, मावशी?"

"माझा मुलगा तिच्यावर गेला. सव्वीस वर्षं झाली." ती म्हणाली, "त्याने खून केला होता. नव्हता केला असं मला समजावू नका. केला होता."

मिस्त्रींनी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा तिने खाचेवर हात ठेवला. करकर थांबली.

"प्रेतही दिलं नाही आम्हाला. हात लावायला एवढंच उरलंय. हे तासताय तुम्ही?"

"तासतोय. पण जात नाही."

"मग राहू द्या ना."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. उभ्या लाकडात, पायांच्या जागी खाच येईल असा त्यांनी क्रूस जोडला.

लाकूड कुठून आलं ते फादरांनी रविवारी सगळ्यांना सांगून टाकलं. दोन कुटुंबं उठून गेली ती परत आलीच नाहीत. म्हातारी मात्र दर रविवारी पुढे जाऊन गुडघे टेकायची आणि खाचेत बोटं घालायची.

तिसऱ्या रविवारी प्रार्थना संपली तरी शेवटच्या बाकावर एक वाकलेला माणूस बसून राहिला. फादरांनी विचारपूस केली तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "तुरुंगात फाशीचा खटका मी ओढायचो."

म्हातारीने ते ऐकलं. मग ती त्याच्यापाशी आली, मनगट धरून त्याला वेदीपर्यंत नेलं आणि त्याचा हात खाचेत दाबला.

तो म्हणाला, "आत काहीतरी धडधडतंय."

"हो," ती म्हणाली. "माझ्याही हाताला लागतं."

तिने त्याचा हात सोडला नाही, आणि त्यानेही तो काढून घेतला नाही.