वेल्काच्या खाणीतला पंप

"दोनशे फूट?" बाबली मेस्त्रीनं हातातला कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग पुन्हा जवळ आणला. "गो अक्षया, दोनशे फूट सक्शन?"

अक्षया पडवीच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून बसली होती. रेंज फक्त पडवीत यायची, म्हणून तिचं टेबलही तिथंच. "काय झाला, बाबा?"

"तूच लिवलंस हय. पंप वर, पाणी दोनशे फूट खाली, आणि त्या वेल्कान दांडो ओढलो की पाणी वर. खोटा आसा ह्या."

"तेच्या आदल्या पानार ड्रॅगन आसा. तो तुमका चल्लो. पंप चलना नाय?"

"ड्रॅगन मी कधी दुरुस्त करूक नाय," बाबली म्हणाला. "पंप केलंय. तीस वर्सां."

अक्षया हसली. पण बाप हसत नव्हता, हे बघून तिनं लॅपटॉप मिटला.

बाबलीला प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून खाटेवर पडल्याला त्या दिवशी बावीस दिवस झाले होते. फेब्रुवारीत काळशातल्या एका विहिरीत उतरताना शेवाळलेल्या पायरीवरून तो सटकला आणि घोटा दोन ठिकाणी मोडला. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात हा माणूस दिवसाउजेडी कधी आडवा झाला नव्हता. धामापूरपासून कट्टा गावापर्यंत कुठल्याही बागेतला पंप बिघडला की लोक बाबलीला बोलवायचे. कठड्यावर उभं राहून नुसता आवाज ऐकून तो सांगायचा, बेअरिंग गेलंय की हवा धरलीय, आणि मग उतरून तेच निघायचं. आपण चुकत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ते ठाऊक आहे हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

फक्त स्वतःच्या मुलीचं काम काय, हे त्याला धड ठाऊक नव्हतं. अक्षयानं डी.एड. केलं, तीन वर्षं शाळेत शिकवलं आणि एक दिवस ती नोकरी सोडून घरी बसून पुण्याच्या एका प्रकाशनासाठी इंग्रजी कादंबऱ्या मराठीत आणायला लागली. त्या कादंबऱ्या तरी कसल्या, तर कॉम्प्युटरवरच्या एका खेळावर बेतलेल्या. जमिनीखाली गाडलं गेलेलं एक शहर, त्याच्या खाणी, खाणीतले राक्षस, आणि त्यांच्याशी लढत खाली खाली उतरत जाणारी वेल्का नावाची एक रखवालदारीण. सहा जाडजूड खंड. बाबली तेव्हा महिनाभर मुलीशी बोलला नव्हता. नंतर बोलायला लागला, पण त्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. गावात कोणी विचारलं तर सांगायचा, "कंप्युटरचा काम आसा. ऑफिसाचा."

पाय मोडल्यावर मात्र वेळ जाईना. पेपर सकाळी दहालाच वाचून संपायचा, टेंडर नोटिशींसकट. अक्षया तपासायला म्हणून भाषांतर कागदावर काढायची. पडद्यावर चुका दिसत नाहीत, असं तिचं म्हणणं. तो गठ्ठा खाटेशेजारी होता. चौथ्या दिवशी बाबलीनं वरचा कागद उचलला. तो कादंबरी वाचायचा ती पंपाबरोबर आलेलं माहितीपत्रक वाचावं तशी, ओळीखाली बोट ठेवून, एक अक्षर न गाळता.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "ही वेल्का खेळात पण अशीच आसा?"

"खेळात तिका नाव नाय, तोंड नाय," अक्षया म्हणाली. "जो खेळता तोच ती. पुस्तकवालीन तिका नाव दिला, आई दिली, भिती दिली."

"आणि खाली पडान मेली तर?"

"खेळात परत उठता. वाटेत पेटवलेल्या मागच्या दिव्याकडसून सुरू. पुस्तकात नाय."

बाबलीनं प्लास्टरकडे पाहिलं. "मगे पुस्तक बरा," तो म्हणाला. "विहिरीत उतरतल्यान ह्याच ध्यानात ठेवचा."

दोन आठवड्यांत दोन खंड संपले. शेवंती भात आणि माशाच्या तिखल्याचं ताट घेऊन उभी राहायची आणि नवरा मान वर करायचा नाही. "अवो, तिखला निवला," ती म्हणायची. "थांब गो," हा म्हणायचा, "ती दरवाजात उभी आसा. आत काय आसा बघूंदे." शेवंती ताट स्टुलावर ठेवून, कपाळावर हात मारून आत जायची. नवरा आयुष्यात पहिल्यांदाच इतके दिवस घरात होता आणि तरीही तिच्या वाट्याला आला नव्हता.

आणि तिसऱ्या खंडात हा पंप निघाला. खाणीत पाणी भरतंय, तळाशी चारशे माणसं अडकलीत, आणि वेल्का वरच्या चौथऱ्यावरचा दांडा ओढून दोनशे फुटांवरचं पाणी उपसून काढते. सगळ्या कादंबरीचा जीव त्या प्रकरणात होता.

"सक्शनान पाणी पंचवीस फूट उचलता," बाबली म्हणाला. "पंप नवो असलो तर अठ्ठावीस. तेच्या वर देव इलो तरी उचलूचा नाय. आणि ही शोषनलिका म्हंजे काय? खंयची बाई ही?"

"सक्शन पायपाक मराठीत..."

"मराठीत सक्शन पायपाक सक्शन पायपच म्हणतत."

अक्षयानं समजावून पाहिलं. मूळ पुस्तकात तसंच आहे, आपण बदलू शकत नाही, वाचणाऱ्या मुलांना पंचवीस फूट आणि दोनशे फूट सारखंच. बाबलीनं सगळं ऐकून घेतलं.

"पुस्तकार नाव कोणाचा येतला?"

"तिचा. खाली बारीक अक्षरात माझा."

"मगे झाला तर. बाबली मेस्त्रीच्या चेडवान लिवला, दोनशे फूट सक्शन. मी लावलेलो पंप पाणी टाकना नाय, असा कधी झाला नाय. तू लिवलेलो टाकूक नको?"

अक्षयाला राग यायला हवा होता. पाच वर्षांत बापानं तिच्या कामाला हात लावला नव्हता, आणि लावला तो चूक काढायला. पण तो तिच्या कामाबद्दल बोलत होता, पंपाबद्दल बोलावं तसा. ती उठली आणि तिनं पुण्याला फोन लावला.

संपादक बाईंनी शांतपणे ऐकलं. "अक्षया," त्या म्हणाल्या, "आपल्याला भाषांतराचे हक्क मिळालेत, दुरुस्तीचे नाही. खेळाची कंपनी एकेक शब्द तपासते. मजकूर बदलला असं त्यांच्या कानावर गेलं, तर पुढचे तीन खंड आपल्याकडे राहणार नाहीत. तुझ्याकडे तर नाहीच नाही."

तीन खंड म्हणजे अक्षयाची पुढची दोन वर्षं होती. तिनं फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. मग तिनं लेखिकेलाच सरळ पत्र लिहिलं. तिच्या संकेतस्थळावर पत्ता होता. 'माझे वडील पंप मेकॅनिक आहेत,' अशी सुरुवात केली, सक्शनचं सगळं गणित मांडलं आणि घाबरतच पाठवून दिलं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. अक्षयानं ते खाटेशेजारी बसून बापाला मालवणीत करून सांगितलं.

"ती म्हणता, तुमच्या बाबांचा बरोबर. माका पंपातला काय कळणा नाय, आणि इतक्या वर्सांत कोणी सांगूक पण नाय."

बाबलीनं मान हलवली. त्याला यात नवल वाटलं नव्हतं.

"पण ती म्हणता, खेळात तो दांडो वर चौथऱ्यार आसा. लाखो लोकांनी तो ओढलेलो आसा. तो माका खाली नेवक येवचो नाय, कंपनी देवची नाय. दांडो वरच ठेवन पाणी कसा काढूचा, ह्या तुझ्या बाबांक विचार."

बाबली इतका मोठ्यानं हसला की शेवंती विळी टाकून बाहेर आली.

"येडी काय गो ती? दांडो वरच असता! हातपंपाचो दांडो खंय असता?"

मेस्त्री होण्याआधी अकरा वर्षं तो पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्तीच्या गाडीवर होता. दीडशे-दोनशे फूट बोअरमधून नळ्या उपसून काढायच्या, तळातल्या सिलिंडरमधली झिजलेली वाटी बदलायची, परत सोडायच्या. त्यानं एक कागद उलटा केला, पेन्सिल घेतली आणि चित्र काढायला सुरुवात केली. वर दांडा. दांड्याला सळई. सळईला सळई जोडत थेट पाण्यात. तळाला सिलिंडर, त्यात चामड्याची वाटी.

"ह्यो पंप पाणी ओढणा नाय, ढकलता. म्हणान दोनशे फूट चलता. दांडो वर, जीव खाली. तिका सांग, वेल्काक एकटीक जमूचा नाय. चार माणसां लाव दांड्यार. आणि पयल्या पाच-धा झटक्यांत काय येवचा नाय. नळी भरूक व्हयी. लोक म्हणतले, बुडालो, पंप फुकट गेलो. तेवां ती थांबली तर सगळा गेला. थांबूक नको."

अक्षया लिहून घेत होती. शेवटच्या वाक्याला तिनं मान वर केली. मूळ प्रकरणात दांडा ओढताक्षणी पाणी यायचं. ही धाकधूक त्यात कधीच नव्हती.

चित्राचा फोटो आणि दोन पानी इंग्रजी टिपण गेलं. या वेळी उत्तर तिसऱ्याच दिवशी आलं. लेखिकेनं ते दीड पान नव्यानं लिहिलं होतं, कंपनीकडून मंजूर करून घेतलं होतं, आणि कळवलं होतं की तिकडच्या पुढच्या आवृत्तीतही असंच छापलं जाईल. संपादक बाईंचाही फोन आला. "तुझ्या वडिलांना नमस्कार सांग," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "चौथ्या खंडातही काही पंपबिंप आहे का, ते आधीच बघून ठेव."

ते दीड पान अक्षयानं दोन दिवस घासूनपुसून मराठीत आणलं. त्यात वाटी होती, सळई होती, नळी होती. शोषनलिका नव्हती. बाबलीनं ते ओळीखाली बोट ठेवून वाचलं, शेवटपर्यंत, आणि कागद परत देताना म्हणाला, "आता पाणी टाकतलो."

एप्रिलच्या अखेरीला प्लास्टर निघालं. मालवणच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्यासमोर धरला. "हाड जुळलंय," ते म्हणाले. "चाला, फिरा. पण विहिरीत उतरायचं आता विसरा. पुन्हा सटकलात तर हा पाय कामाचा राहणार नाही."

"सवयीचं आहे ते, साहेब," बाबली शुद्ध मराठीत म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय."

 घरी आल्यावर त्यानं फोन बंद करून फडताळात ठेवला. ऐन मे तोंडावर होता, बागा तहानलेल्या होत्या, लोक दारात यायला लागले. शेवंतीनं विचारलं, "तेंका काय सांगू?"

"सांग, मेस्त्री पुस्तक वाचता."

तिला वाटलं, रागानं म्हणतोय. पण तो खरोखरच चौथ्या खंडाची झालेली पानं घेऊन बसला होता. चार दिवस त्यानं पान उलटलं नाही, हे मात्र अक्षयाच्या लक्षात आलं होतं.

पाचव्या दिवशी भिकाजी आला. धामापूरच्या तळ्याच्या बाजूला त्याची सुपारीची बाग होती. "मेस्त्रीनू, तीन दिवस पाणी नाय. झाडां माना टाकूक लागली," तो म्हणाला. "कट्ट्याचो एक जण येवन बघून गेलो. म्हणता, नवो पंप घे."

"आवाज कसो येता?"

"घुरघुरता. मगे रिकामो फिरता."

बाबली उठला. काठी घेतली. "अक्षया, गाडी काढ," तो म्हणाला, आणि दोन पावलं जाऊन परत वळला आणि खाटेवरचा गठ्ठा पिशवीत घातला.

बागेत स्टार्टर बसवलेल्या खोपटीच्या दारात, विहिरीच्या कठड्याला लागूनच, भिकाजीनं त्याच्यासाठी खुर्ची आणली. पंप खाली, विहिरीतल्या कोनाड्यात होता. भिकाजीनं विहिरीत बघितलं, मग मेस्त्रीच्या पायाकडे. बाबलीनं त्याच्याकडे बघितलं.

"तू उतर," बाबली म्हणाला. "मी सांगतंय तसा कर. पायरेर शेवाळ आसा, पाठ भिंतीक लाव आणि मगे पाय टाक."

भिकाजी उतरला. बाबली वरून विचारत होता, तो खालून सांगत होता. पायपाच्या बुडाचो फुटवॉल वर ओढ. जाळीत काय आसा? झावळीचा तुकडो? काढ. वॉल बोटान दाब, बसता बरोबर? आता पायपाच्या जोडार हात फिरव, खंय वारो लागता? बाबलीचे डोळे मिटलेले होते आणि हात हवेत, पाइपावरून फिरावा तसा फिरत होता. तासाभरात जोड आवळून झाला. राहिलं पंपात पाणी भरणं. मगानं हळूहळू ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. घाई करायची नाही.

बाबलीनं पिशवीतून कागद काढले.

"वर काय वाचतास, मेस्त्रीनू?" खालून भिकाजीचा आवाज घुमला.

"पुस्तक."

"कसला?"

"माझ्या चेडवान लिवलेला." सुपारीच्या सावलीत बसलेल्या अक्षयाकडे त्यानं पाहिलं नाही. "एक बाय आसा, वेल्का. खाणीत उतरता."

"वाचा मगे मोठ्यान. हय खाली कंटाळो येता."

बाबलीनं काठी बाजूला ठेवली, कठड्यावर कोपरं टेकली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. वेल्का चौथ्या खंडातल्या काळ्या विवरात उतरत होती, दोर संपत आला होता आणि तळ अजून दिसत नव्हता. आवाज गोल फिरत खाली गेला. भिकाजी मगानं पाणी ओतत राहिला. पानामागून पान गेलं. कधीतरी बुडबुडे थांबले.

"भरलो, मेस्त्रीनू," भिकाजी ओरडला. "बटण दाबा."

स्टार्टर बाबलीच्या हाताशीच होता.

"थांब रे," तो म्हणाला. "ती अजून खाली आसा. वर येवंदे तिका."

आणि त्यानं पान उलटलं.